हार्ड सिंक की एफएम?

सिंथेसायझरमध्ये दोन ऑसिलेटर, म्हणजे ध्वनिलहर तयार करणारे भाग, एकमेकांत गुंतवायचे हे दोन मार्ग. माझा कल सरळ सिंककडे आहे, आणि त्याला कारण आहे.

सिंकमध्ये एक ऑसिलेटर मास्टर, दुसरा त्याच्या तालावर चालणारा स्लेव्ह. मास्टरचं एक आवर्तन संपलं की स्लेव्ह जिथे असेल तिथून शून्यावर येतो. मास्टर ११० हर्ट्झवर, स्लेव्ह २७५ वर ठेवून बघा. स्लेव्हची दोन आवर्तनं पूर्ण होतात, तिसरं अर्ध्यात तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा तुटका आकार सेकंदाला ११० वेळा येतो, म्हणून सूर ११० चाच ऐकू येतो. आता स्लेव्हचा पिच हळूहळू वर न्या. सूर जागचा हलत नाही, पण आवाज जणू तोंड उघडत जातो. तीच ती किंचाळणारी, धारदार लीड, म्हणजे मुख्य धून वाजवायचा आवाज. पिच वर नेण्याचं काम एन्व्हलपकडे (कळ दाबली की ठरलेल्या वेळेत चढ-उतार करणारा भाग) द्या, हातापेक्षा नेमकं होतं. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये सिंक चालू ठेवून, पॉली-मॉड या जोडणीतून फिल्टरचं एन्व्हलप ऑसिलेटर ए वर, म्हणजे स्लेव्हवर, सोडलं की हेच मिळतं.

एफएममध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनमध्ये, एक ऑसिलेटर दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी सतत हलवतो. आकडे तेच घेतले आणि ११० च्या ऑसिलेटरने २७५ चा हलवला, तर २७५ च्या दोन्ही बाजूंना १६५, ३८५, ५५, ४९५ असे स्वर उगवतात. गुणोत्तर सरळ नसेल तर घंटेसारखा, धातूचा नाद. ॲनालॉगवर मात्र एफएम बहुधा एक्स्पोनेन्शियल असते, म्हणजे फ्रिक्वेन्सी हर्ट्झच्या नव्हे तर सप्तकांच्या मापात हलते, त्यामुळे हलवण्याचं प्रमाण वाढवलं की सूरच सरकतो. घंटा, आघात, खरखर यांसाठी ती उत्तम. सुरात वाजवायच्या धुनेसाठी मी सिंकच लावतो.