फाटलेला कानाचा पडदा: वाट पाहावी की शस्त्रक्रिया करावी?

थप्पड, स्फोटाचा दाब किंवा कानात खोलवर गेलेली काडी यांमुळे पडदा फाटल्यावर लगेच शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हा प्रश्न अनेकांना पडतो.

भरून येण्याच्या दृष्टीने पाहता, अशी बहुतेक छिद्रे काही आठवड्यांपासून सुमारे 3 महिन्यांत आपोआप बुजतात; लहान छिद्र लवकर, मोठे उशिरा. मात्र वेल्डिंगची ठिणगी किंवा वितळलेला धातू कानात गेल्यास कडांच्या ऊतींचा रक्तपुरवठाच नष्ट होतो, त्यामुळे अशी छिद्रे आपोआप बुजण्याची शक्यता बरीच कमी असते. जंतुसंसर्गही भरण्याची क्रिया रोखतो, आणि तो बहुधा कानात शिरलेल्या पाण्यामुळे होतो.

श्रमाच्या बाबतीत, वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते: कान कोरडा ठेवणे, नाक जोरात न शिंकरणे, स्वतःच्या मनाने थेंब न घालणे आणि ठरलेल्या तपासण्या व श्रवणचाचणी करून घेणे हे सर्व पाळावे लागते. शस्त्रक्रियेत बहुधा कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरील आवरणाचा तुकडा पडद्याला जोडतात; यशाचे प्रमाण चांगले असले तरी भूल आणि खर्च आलाच, शिवाय काळजी नंतरही चुकत नाही.

म्हणून लहान, कोरड्या छिद्रासाठी वाट पाहणे योग्य. सुमारे 3 महिन्यांनंतरही न बुजलेल्या छिद्रासाठी शस्त्रक्रियेचा विचार करावा. परंतु गरगरणे, ऐकू येणे एकाएकी फार कमी होणे, चेहरा वाकडा होणे किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी कानाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे.