प्रिम म्हणजे टापटीप नव्हे! मेरियम-वेब्स्टरच्या सिनॉनिम डिक्शनरीबद्दल

आमच्या शाळेत पीटीच्या बाई दर सोमवारी युनिफॉर्म तपासायच्या आणि सगळं कसं 'प्रिम अँड प्रॉपर' पाहिजे म्हणायच्या, त्यामुळे पस्तिशी आली तरी माझ्या डोक्यात प्रिम म्हणजे कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट, नखं कापलेली, एवढंच. तर मागच्या वर्षी लंडनच्या एका क्लायंटला मेलमधून आमच्या नवीन टीम लीडची ओळख करून द्यायची होती आणि मी अगदी कौतुकाने लिहिलं की बाई फार प्रिम आहेत. पुढच्या कॉलवर तो माणूस हसत म्हणाला, बरं झालं सांगितलंत, मी जरा जपूनच बोलीन त्यांच्याशी. मला काहीच कळेना. टीम लीड तेव्हा कॉलवर नव्हती हे माझं नशीब.

त्या धक्क्यात मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून मेरियम-वेब्स्टरची ही समानार्थी शब्दांची डिक्शनरी उचलली, जुनी, पुठ्ठा सुटत आलेली, 400 रुपयांत. पहिली आवृत्ती 1942 ची आहे, नंतर सुधारत गेले. आता कुणी म्हणेल थिसॉरस असताना हे कशाला? तर रॉजेसाहेबांनी 1852 मध्ये जो थिसॉरस काढला त्यात एका अर्थाचे शब्द एकत्र ठेवलेत, पण त्यांच्यात फरक काय ते सांगितलेलं नाही, म्हणजे भाजीवाल्याने सगळ्या पालेभाज्या एकाच टोपलीत टाकाव्यात आणि म्हणावं घ्या तुम्हीच ओळखून. ज्याला मेथी आणि शेपू आधीच कळतात त्याला चालतं. इथे मात्र प्रत्येक जुडी सोडून दाखवलीय.

प्रिमचं पान उघडलं तर एकाच लेखात सात जण बसलेले: प्रिम, प्रिगिश, प्रिसी, प्रूडिश, प्युरिटॅनिकल, स्ट्रेटलेस्ड, स्टफी. सगळ्यांचा मूळ दोष एकच, रीतभात आणि योग्य-अयोग्याचा नको इतका सोस. पण छटा बघा. प्रिम माणूस स्वतःलाच आवळून असतो, बसणं उठणं बोलणं सगळं मोजून, समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं. प्रिगिश त्याहून त्रासदायक, कारण आपण तुमच्यापेक्षा सज्जन आहोत हे तो तुम्हाला जाणवून देतो. प्रिसी म्हणजे सगळं जरा जास्तच नाजूक नि नीटनेटकं, बारीकसारीक गोष्टीवर नाक मुरडणं. प्रूडिशचा संबंध लाजलज्जेशी, टीव्हीवर नको ती जाहिरात लागली की घाईघाईने चॅनेल बदलणारे काका आठवा. प्युरिटॅनिकलला तर मौजमजाच खुपते, नावच मुळी इंग्लंडातल्या त्या कडक धर्मपंथावरून आलंय. स्ट्रेटलेस्डमधला स्ट्रेट सरळवाला नाही हे मला यावरून पुढे शोधाशोध करताना कळलं, तो अरुंद, घट्टवाला आहे, म्हणजे नाडी करकचून आवळलेली चोळी, तशी या माणसाची नीतिमत्ता. आणि स्टफी म्हणजे कोंदट. खिडकी न उघडलेल्या खोलीसारखा माणूस, स्वतःचं महत्त्व फार आणि नवीन काही आत येऊ द्यायचं नाही. मला विचाराल तर ऑफिसमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी शब्द हाच.

फॉर्मल वगैरे शब्दांचा लेख वेगळा आहे, तोही वाचाच. सेरेमोनियल आणि सेरेमोनियस मी एकच समजत होतो. पहिला समारंभाच्या गोष्टींना लावतात, पोशाख वगैरे, आणि दुसरा ज्याला औपचारिकतेची हौस आहे अशा माणसाला. वुडन सापडतो स्टिफच्या लेखात, तिथे जिवंतपणाच नसतो, ठोकळ्यासारखं वागणं.

वाचताना एक गंमत सारखी मनात येत होती. आपल्याकडे शिष्ट शब्दाचं हेच झालंय. पुस्तकात शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत, आणि बोलताना 'ती ना, फार शिष्ट आहे' म्हटलं की संपलं, ती बाई आखडू. तसंच सोवळा. काटेकोर मात्र अजून कौतुकातच टिकून आहे, तो साधारण पंक्टिलियसच्या, म्हणजे रीत बारीकसारीक तपशिलासकट पाळणाऱ्याच्या, जवळ जातो. आपल्या भाषेत असा छटा सोडवून दाखवणारा जाडजूड कोश माझ्या हाताशी असता तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

आता तक्रारी. अक्षर बारीक आहे, चाळिशीच्या आसपास असाल तर चष्मा आधी शोधा. उदाहरणं बरीचशी जुन्या लेखकांची, वाक्यं एवढी लांब की शेवटाला येईपर्यंत शब्द कुठला शोधत होतो तेच विसरायला होतं. स्टार्ची हवा असेल तर या सातांत नाही, आणि मला तोच सगळ्यात आवडतो, खळ घातलेल्या धोतरासारखा माणूस, बसला तरी कडकड वाजणारा. आपल्याकडे इंग्रजी कशी वापरतात, शाळेत प्रिम म्हणजे शाबासकी असते वगैरे, हे तर यात कुठून येणार, अमेरिकन पुस्तक आहे. आणि शब्द शोधायचीही सवय करावी लागते, कारण प्रूडिश काढला की तो म्हणतो प्रिमकडे जा, सरकारी कचेरीतल्या खिडक्यांसारखं. दोन दिवसांत जमतं.

परीक्षेसाठी शब्दपाठांतर करायचं असेल तर घेऊ नका, वैतागाल. भाषांतर करता, सबटायटल लिहिता, परदेशी लोकांना मेल करता, तर घ्या, जुनी प्रत मिळाली तर जुनीच, मजकूर दशकानुदशकं फारसा हललेला नाही. फक्त विकत घेताना नाव नीट वाचा. याच कंपनीचा थिसॉरसही मिळतो, तो वेगळा, दुकानदार बिनधास्त तोच हातात देतो. माझ्यासमोरच एकाला दिला.