दिल्लीत एकच सकाळ मोकळी आहे: लाल किल्ला की हुमायूनचा मकबरा?

लग्नाला, मुलाखतीला किंवा हरिद्वारच्या वाटेवर दिल्लीत उतरलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा एक सकाळ मोकळी येते. त्या सकाळी लाल किल्ला बघू की हुमायूनचा मकबरा, असं मला वर्षातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. दोन्ही बघा म्हणायला काही लागत नाही, पण एका सकाळीत दोन्ही उरकले की एकही नीट बघून होत नाही. मी दोन्हीकडे दोनदा गेलोय, एकदा एकटा आणि एकदा बाबांना घेऊन. माझं मत बाबांबरोबरच्या फेरीत मकबऱ्याच्या बाजूने ठरलं.

मराठी माणसाचा कौल घरून निघतानाच लाल किल्ल्याला पडलेला असतो, आणि त्यात गैर काही नाही. १७६०च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या, छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. पुढे १७८८मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने शाह आलम बादशहाचे डोळे काढले. महादजी शिंद्यांनी त्याला पकडून ठार केलं आणि त्यानंतर १८०३पर्यंत किल्ल्यात शिंद्यांचाच शब्द चालला. बाबांना हे सगळं सनावळीसकट पाठ. त्यांना बाकी काही बघायचं नव्हतं, फक्त ते छत बघायचं होतं.

तपासणीची रांग, मग छत्ता चौकातली दुकानं, मग नौबतखाना आणि दिवाण-ए-आम, एवढं ओलांडून आम्ही दिवाण-ए-खासपाशी पोचलो. समोर दोरी. संगमरवराची नाजूक वेलबुट्टी आहे, लोकांनी हात लावू नये म्हणून दोरी हवीच, हे मलाही पटतं. पण दोरीच्या अलीकडून कमानी आडव्या येतात आणि छताची नुसती कड दिसते. बाबा कमरेत वाकले, मान वर केली, दोरीखालून डोकं जरासं पुढे गेलं आणि लगेच शिट्टी वाजली. मी म्हटलं, "बाबा, आताचं छत लाकडी आहे, चांदी कधीच गेली." ते म्हणाले, "अरे, चांदी नाही हे मला माहीत आहे. पण काढली कुठून ती जागा तरी बघू दे."

त्या दोरीनेच माझं मत बदललं. एकदा ती डोळ्यात खुपली की मग सगळीकडे दिसायला लागते. रंगमहाल बाहेरून, हमाम बाहेरून, मोती मशिदीला कुलूप. शिवाय १८५७नंतर इंग्रजांनी आतले बरेचसे महाल पाडून बराकी उठवल्या, त्यामुळे उरलेल्या इमारती हिरवळीवर सुट्या सुट्या उभ्या आहेत आणि मधला राजवाडा आपला आपणच मनात बांधावा लागतो. पाण्याचा नहर कोरडा. शाळकरी मुलं बरोबर असतील तर गोष्ट वेगळी. बराकींतल्या संग्रहालयांत आझाद हिंद सेनेचा भाग आहे, आणि त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला. मुलं तिथे रमतात. खाण्यात तर तुलनाच नको, दाराबाहेरच चांदनी चौक आहे.

मकबऱ्याला जायचं म्हटलं की घरचे म्हणतात, थडगं काय बघायचं? बाबाही हेच म्हणाले होते. पण गोवा एक्स्प्रेसने किंवा ऑगस्ट क्रांती राजधानीने येणारा माणूस निजामुद्दीनला उतरतो, आणि तिथून मकबरा रिक्षाने अगदी जवळ. आत शिरल्यावर उजव्या हाताला इसा खानची अष्टकोनी कबर लागते. ती हुमायूनच्या मकबऱ्याहूनही आधीची, पण लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. तुम्ही तसं करू नका.

मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्या मात्र खरोखर उंच आहेत. गुडघेदुखी असणाऱ्याने दोनदा विचार करावा. बाबा निम्म्यावर थांबले, पाणी प्यायले, मग उरलेल्या चढले. वर गेल्यावर घुमटाखाली एकच साधी पांढरी समाधी आहे, आणि दगडी जाळीतून येणारे उन्हाचे कवडसे फरशीवर पसरलेले असतात. खरी कबर खाली तळात. बाबांनी जाळीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. शिट्टी नाही, काही नाही. मग ते बाहेर चौथऱ्यावरच्या नाव नसलेल्या कबरींमधून हिंडू लागले. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह इथेच कुठेतरी पुरलेला आहे, पण नेमका कुठे ते सांगता येत नाही. "यातला दारा कुठला?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

लाल किल्ल्याची गोष्टही इथेच येऊन संपते, हे मला दुसऱ्या फेरीत जाणवलं. १८५७च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली तेव्हा शेवटचा मुघल बादशहा बहादुरशहा जफर किल्ला सोडून या मकबऱ्यात आला आणि इंग्रजांच्या हाती लागला तो इथेच. किल्ल्यात जे दोरीपलीकडून बघितलं होतं, त्याचा शेवट इथे आम्ही पायरीवर बसून बघितला.

अर्थात तुमचा जीव भाऊसाहेबांत अडकला असेल तर किल्ल्यावरच जा, मी अडवणारा कोण. फक्त सोमवारी जाऊ नका, तो बंद असतो. पंधरा ऑगस्टच्या आधीचे दिवसही टाळा. मकबऱ्याला सोमवारची सुट्टी नाही. उन्हाळ्यात मात्र दहाच्या आत उरका, चौथऱ्याचा दगड तापतो. आणि सामान निजामुद्दीनच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप लावून न्या, बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत.