सही खरी आहे, पण कोणाची आणि कशावर? अपाची सीएक्सएफ आणि डब्ल्यूएसएसफोरजे, सहा वर्षांच्या वापरानंतर

आमच्या सोप सर्व्हिसची, म्हणजे एक्सएमएल मेसेजमधून दुसऱ्या सिस्टिम्सशी बोलणाऱ्या सेवेची, जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या दारावर दोनच गोष्टी होत्या. एक, परवानगी दिलेल्या आयपी पत्त्यांची यादी. दुसरी, सगळ्या क्लायंटना मिळून दिलेला एकच पासवर्ड, तोही मेसेजच्या बॉडीत एका साध्या फील्डमध्ये. बारा बाहेरच्या संस्थांची सिस्टिम्स तिथे ऑर्डर टाकत आणि रद्द करत. एखादी ऑर्डर भलत्याच वेळी रद्द झाली तर ती कोणी केली हे सांगता येत नसे, कारण लॉगमध्ये सगळ्यांचं नाव एकच. एखाद्या संस्थेने सर्व्हर हलवला की नवा आयपी यादीत जायचा. जुना काढायची आठवण मात्र कोणालाच राहायची नाही. मी यादी तपासायला बसले तेव्हा तिच्यातले निम्मे पत्ते आता कोणाच्या हातात आहेत, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर मला स्वस्थ बसवेना.

सहा वर्षांपूर्वी ती सर्व्हिस मी अपाची सीएक्सएफ या वेब सर्व्हिस लिहायच्या फ्रेमवर्कवर आणली आणि क्लायंटची ओळख पटवण्याचं काम डब्ल्यूएसएसफोरजेकडे दिलं. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही जावातले. आयोना कंपनीचं सेल्टिक्स आणि कोडहाऊसचं एक्सफायर यांच्या एकत्रीकरणातून २००६ साली सीएक्सएफ तयार झालं. नावातली अक्षरं तिथूनच आली आहेत. डब्ल्यूएसएसफोरजे ही त्याच्या आतली सुरक्षेची लायब्ररी, जी ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक प्रत्यक्षात उतरवते. त्या मानकाची पहिली आवृत्ती एप्रिल २००४ मधली, १.१ फेब्रुवारी २००६ मधली. म्हणजे विषय जुना आहे, पण जुन्या सर्व्हिस अजून रोजचं काम करताहेत आणि त्यांच्या दारावर नीट कुलूप असणं तितकंच गरजेचं आहे. माझ्याकडून या जोडीला पाचपैकी चार तारे.

आधी पासवर्डबद्दल बोलते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. युजरनेमटोकनमध्ये, म्हणजे मेसेजमधल्या नाव-पासवर्डच्या घटकात, पासवर्ड पाठवायचे दोन प्रकार आहेत: पासवर्डटेक्स्ट, म्हणजे जसाच्या तसा, आणि पासवर्डडायजेस्ट. नावावरून दुसरा जास्त सुरक्षित वाटतो. मलाही वाटला होता. डायजेस्ट बनतो असा: नॉन्स (एकदाच वापरायचं यादृच्छिक मूल्य), मेसेज तयार झाल्याची वेळ आणि पासवर्ड एकापुढे एक जोडायचे, त्यांचा शा-१ हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, काढायचा आणि तो बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहायचा. आता सर्व्हरला हाच हिशेब करून ताडून पाहायचं असेल तर त्याच्याकडे मूळ पासवर्ड हवा. पासवर्ड साठवायच्या बीक्रिप्ट पद्धतीने हॅश करून ठेवलेला पासवर्ड इथे उपयोगाचा नाही. म्हणजे तारेवरून जाताना पासवर्ड लपवण्यासाठी तुम्ही आपल्या डेटाबेसमध्ये सगळ्या क्लायंटचे पासवर्ड उघडे किंवा उलगडता येतील असे ठेवणार. शिवाय डायजेस्टचा बॉडीशी काही संबंध नाही. मधल्या माणसाने मेसेज अडवला, टोकन तसंच ठेवून बॉडी बदलली आणि पुढे पाठवला, तर टोकन खरंच ठरतं.

म्हणून मी टीएलएस, म्हणजे अख्खी जोडणीच कूटबद्ध करणं, सक्तीचं केलं आणि त्याच्या आत पासवर्डटेक्स्ट ठेवला. डब्ल्यूएसएसफोरजेचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं ते इथे. नेहमीच्या पद्धतीत कॉलबॅक हँडलरने, म्हणजे लायब्ररी बोलावते त्या आपल्या कोडने, पासवर्ड आणून द्यायचा आणि लायब्ररी तो ताडून पाहते. पण तिचा युजरनेमटोकनव्हॅलिडेटर हा वर्ग एक्स्टेंड करून साध्या पासवर्डची तपासणी करणारी मेथड आपली लिहिता येते. माझी मेथड जेमतेम वीस ओळींची आहे. ती बीक्रिप्टचा हॅश पडताळते, खातं चालू आहे का बघते आणि संपते. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं डब्ल्यूसीएफ हे फ्रेमवर्क वापरणाऱ्या क्लायंटनाही हे सोयीचं पडलं, कारण डब्ल्यूसीएफमध्ये पासवर्डडायजेस्ट आयता मिळतच नाही. त्यांना तो स्वतः घडवावा लागला असता.

दुसरं कौतुक तिच्या कडकपणाचं. काही न सांगता, मुळातच, टाइमस्टँप ३०० सेकंदांपेक्षा जुना असेल तर मेसेज परत जातो, आणि भविष्यातला असेल तर फक्त ६० सेकंदांची सूट मिळते. वापरलेले नॉन्स सर्व्हर लक्षात ठेवतो, तोच पुन्हा आला की नाकारतो. आरएसए १.५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने गुंडाळलेली, म्हणजे कूटबद्ध केलेली, किल्ली मुळातच बंद. अशा लायब्ररीवर माझा विश्वास बसतो, कारण ढिलाई हवी असेल तर ती मला स्वतः लिहून मागावी लागते आणि ती ओळ कोडमध्ये सगळ्यांना दिसते.

या कडकपणाची किंमतही मोजावी लागते. एका संस्थेचे सगळे मेसेज एका सकाळी अचानक नाकारले जाऊ लागले. त्यांच्या डेव्हलपरचा फोन आला, "मॅडम, आम्ही काहीही बदललेलं नाही." ते खरंच होतं. त्यांच्या सर्व्हरचं घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा बंद पडली होती आणि घड्याळ हळूहळू ऐंशी सेकंद पुढे गेलं होतं. साठपर्यंत सगळं सुरळीत, त्यापुढे सगळं बंद. त्यांना दिसत होता तो फॉल्ट, म्हणजे त्रुटीचं उत्तर, फक्त एवढंच सांगत होता की मेसेज तपासताना सुरक्षेची त्रुटी आढळली. सीएक्सएफ खरं कारण बाहेर जाऊ देत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्येच असतं. कारण बाहेर पाठवायची सेटिंग आहे, पण मी ती लावलेली नाही आणि लावूही नये, कारण "पासवर्ड चुकला" आणि "असा युजर नाही" यांतला फरक अनोळखी माणसाला सांगणं म्हणजे त्याला मदत करणं. पण मग लॉग वाचणारं माणूस आपल्याकडे हवं, आणि ते फोनवर सापडायलाही हवं. मर्यादा वाढवून द्यायचा आग्रह त्या दिवशी झाला होता. मी नाही म्हटलं, आणि अर्ध्या तासात त्यांनी घड्याळ जुळवलं.

आता मुद्दा सहीचा. मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते इथे आहे.

तीन क्लायंटचे मेसेज आमच्यापर्यंत थेट येत नाहीत, मध्ये दुसऱ्या कंपनीचा मेसेज ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन पुढे पोचवणारी सिस्टिम, आहे. टीएलएस तिथे संपतं आणि पुन्हा सुरू होतं, म्हणजे मध्ये मेसेज उघडा असतो. या तिघांसाठी मेसेजवरच डिजिटल सही हवी होती. सीएक्सएफमध्ये हे दोन मार्गांनी करता येतं: इंटरसेप्टरला, म्हणजे येणारा-जाणारा मेसेज मध्ये धरून हाताळणाऱ्या भागाला, काय काय करायचं त्याची यादी देऊन, किंवा डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) डब्ल्यूएस-सिक्युरिटीपॉलिसी, म्हणजे सुरक्षेच्या अटी, लिहून. यादीचा मार्ग सोपा, चार ओळींत चालू होतो. मी तोच घेतला. चाचण्या हिरव्या झाल्या आणि मी समाधानाने पुढच्या कामाला लागले.

नंतर एका सहकाऱ्याने सोपयूआय हे चाचणीचं साधन उघडून एक मेसेज बनवला. त्यात सही होती, अगदी खरी, पण फक्त टाइमस्टँपवर. बॉडीवर सही नव्हतीच. आमच्या सर्व्हरने तो स्वीकारला.

लायब्ररीने तिचं काम चोख केलं होतं: सही गणिताने बरोबर आहे, सही करणाऱ्याची ओळख सांगणारं सर्टिफिकेट ओळखीचं आहे. सही *कशावर* आहे हे तपासायला मी तिला सांगितलंच नव्हतं. यादीच्या मार्गाने जायचं असेल तर क्रिप्टोकव्हरेजचेकर नावाचा आणखी एक इंटरसेप्टर लावावा लागतो. त्याचा तयार प्रकार बॉडी आणि टाइमस्टँप सहीखाली आहेत का ते बघतो. पॉलिसीचा मार्ग घेतला तर ही तपासणी पॉलिसीतूनच होते. सही केलेला भाग उचलून मेसेजमध्ये दुसरीकडे ठेवायचा आणि बॉडीच्या जागी आपला मजकूर घालायचा, या हल्ल्याला सिग्नेचर रॅपिंग म्हणतात. तो २००५ पासून माहीत आहे, आणि २०११ साली बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच मार्गाने अॅमेझॉनच्या क्लाउडचे सोप इंटरफेस फसवता येत होते हे दाखवून दिलं. ती त्रुटी नंतर दुरुस्त झाली. इतक्या मोठ्या ठिकाणी जे घडू शकलं ते माझ्या बारा क्लायंटच्या सर्व्हिसमध्ये सहज घडलं असतं. मी त्याच आठवड्यात सगळं पॉलिसीवर नेलं. पॉलिसीचं एक्सएमएल लांबलचक आहे आणि पहिल्यांदा वाचताना डोकं गरगरतं, पण काय सही केलेलं असलंच पाहिजे हे तिथे लिहिलेलं असतं, आणि क्लायंटलाही डब्ल्यूएसडीएलमधूनच कळतं.

मी एक तारा कापला तो याचसाठी. अपुरी असलेली वाट इतकी सोपी आणि पुरी असलेली इतकी अवघड असू नये. सीएक्सएफच्या दस्तऐवजांत दोन्हींची माहिती आहे, पण ती वेगवेगळ्या पानांवर आहे, आणि नवीन माणूस पहिलं पान वाचून थांबतो.

सही कोणाची, हाही प्रश्न तसाच. ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासातल्या सर्टिफिकेटच्या साठ्यात, तुम्ही सीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं, सर्टिफिकेट ठेवलं, तर त्या सीएने दिलेलं कोणतंही सर्टिफिकेट चालतं. आमच्या घरच्या सीएने तिन्ही क्लायंटना सर्टिफिकेट दिली होती, म्हणजे पहिल्या क्लायंटला दुसऱ्याच्या ऑर्डर रद्द करता आल्या असत्या. सर्टिफिकेटमधल्या सब्जेक्टवर, म्हणजे मालकाच्या नावावर, रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुराच्या नमुन्याची) अट घालायची सोय डब्ल्यूएसएसफोरजेत आहे, ती मी घातली. आणि त्यापुढे, सही करणाऱ्याचं नाव आणि ऑर्डरमधला ग्राहक क्रमांक जुळतो का, ही तपासणी मी सर्व्हिसच्या कोडमध्ये लिहिली. ही दुसरी तपासणी कोणतीही लायब्ररी तुमच्यासाठी करणार नाही. रद्द केलेल्या सर्टिफिकेटची तपासणीही मुळात बंद असते. ती चालू करा आणि सीआरएल, म्हणजे रद्द सर्टिफिकेटची यादी, वेळेवर ताजी होते ना, हे पाहा.

एका क्लायंटने आपल्या वेबसाइटचंच सर्टिफिकेट क्लायंट म्हणून वापरायला आणलं होतं. ते मी घेतलं नाही, आणि आता तर त्याला भवितव्यही नाही: कोणत्या सीएवर विश्वास ठेवायचा हे ठरवणाऱ्या क्रोमच्या रूट प्रोग्रामच्या नियमांमुळे सार्वजनिक सीए अशा सर्टिफिकेटमधून क्लायंट ऑथेंटिकेशनचा उपयोगच काढून टाकत आहेत. त्यातच सीए आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार अशा सर्टिफिकेटची मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. क्लायंटसाठी आपला खाजगी सीए असावा, हे माझं ठाम मत आहे.

लोड बॅलन्सरमागे, म्हणजे काम सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, दोन सर्व्हर असतील तर आणखी एक गोष्ट. नॉन्स लक्षात ठेवणारा साठा मुळात प्रत्येक सर्व्हरचा वेगळा असतो. पकडलेला मेसेज पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या सर्व्हरवर गेला, तर तो त्याच्यासाठी नवाच. रीप्लेकॅश हा इंटरफेस स्वतः लिहून दोघांना एकच साठा द्यावा लागतो. मी तो लिहिला. काम एका दिवसाचं होतं. आणि टीएलएस लोड बॅलन्सरवर संपत असेल व क्लायंटचं सर्टिफिकेट हेडरमधून आत येत असेल, तर बाहेरून आलेला त्याच नावाचा हेडर बॅलन्सरने आधी पुसलाच पाहिजे.

लॉगचंही पाहा. अख्खा एन्व्हलप, म्हणजे पूर्ण सोप मेसेज, लॉग केला की पासवर्डही फाइलमध्ये जातो. आमच्याकडे तो तीन महिने जात होता, आणि लक्षात आल्यावर मला बाराही पासवर्ड बदलून घ्यावे लागले. सीएक्सएफच्या लॉगिंग फीचरला संवेदनशील घटकांची नावं दिली की त्यांतला मजकूर झाकला जातो. ती नावं पहिल्याच दिवशी द्या.

ज्यांचे क्लायंट थेट जोडतात, मध्ये कोणी नाही, त्यांनी सहीच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. टीएलएस, प्रत्येकाला वेगळं खातं आणि पासवर्डटेक्स्ट, किंवा दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट दाखवायचं टीएलएस, एवढं पुरतं आणि सांभाळताही येतं. मेसेज मध्ये कुठे उघडला जात असेल किंवा नंतर पुरावा म्हणून लागणार असेल, तेव्हाच सही घ्या, आणि मग पॉलिसीसकट घ्या.

आता प्रत्येक आवृत्तीआधी सोपयूआयमधून पाच वाईट मेसेज जातात: सहा मिनिटं जुना, एकदा वापरलेला पण दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवलेला, बॉडीवर सही नसलेला, बॉडी हेडरमध्ये हलवलेला, आणि एका क्लायंटच्या सहीने दुसऱ्याची ऑर्डर रद्द करू पाहणारा. पाचही परत आले तरच आवृत्ती पुढे जाते. गेल्या महिन्यात तेरावा क्लायंट जोडला. त्यांना डब्ल्यूएसडीएल, एक नमुना मेसेज आणि घड्याळ तपासायची सूचना एकत्र पाठवली होती, आणि त्यांची पहिली ऑर्डर जेवणाच्या सुट्टीआधी आली, लॉगमध्ये त्यांच्याच नावाने.