सूचना घेणारं ॲप: दोन तारे, त्यातला एक बाटलीला

हे ॲप तुम्हाला प्ले स्टोअरवर शोधून सापडणार नाही. ते आमच्या कंपनीपुरतं आहे, कामात काय सुधारता येईल याच्या कामगारांनी सूचना टाकायच्या, त्यासाठी. कंपनी चाकणची, दुचाकींचे गिअर आणि शाफ्ट बनवणारी, चांगली मोठी. नाव लिहीत नाही, घराचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. पण याच ॲपचं एखादं मावसभावंड तुमच्याही कंपनीत येऊ घातलं असेल, म्हणून लिहितोय. मी ते २०१८ पासून वापरतो. तेवढ्यात माझे दोन फोन गेले, तीन प्लँट हेड गेले. ॲप आहे.

आधी चांगलं सांगतो. स्वस्तातल्या फोनवरही अडकत नाही. मशिनवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केला की मशिनचा नंबर आपोआप भरला जातो. फोटो झटकन चढतो. आमची बस फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकात अर्धा-पाऊण तास उभी असते, तेवढ्यात एक सूचना आरामात लिहून होते. चाकणची ट्रॅफिक कुणाच्या कामी आली असेल तर या ॲपच्या. प्रत्येक सूचनेला २० गुण मिळतात आणि ते त्याच क्षणी जमा होतात. ४०० गुणांना स्टीलची बाटली. मी मागवली, तिसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात माझ्या नावाची चिठ्ठी लावून हजर. झाकण घट्ट बसतं, पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं. बाटलीबद्दल तक्रार नाही.

भाषेचं मात्र बघा. ॲपमध्ये मराठी आहे, पण ती कुणी केली देव जाणे. ‘पाइपलाइन’ला त्यांनी ‘नळवाहिनी’ केलंय. सूचना टाकली की मेसेज येतो, ‘अभिनंदन! तुमची सूचना नळवाहिनीत आहे.’ आमच्या लाइनवरच्या मामांना पहिल्यांदा हा मेसेज आला तेव्हा ते फोन घेऊन माझ्याकडे आले. “साहेब, मी फिक्स्चरचं लिहिलं होतं. हे प्लंबरकडे कसं काय गेलं?”

मामांचं ते फिक्स्चरचं, म्हणजे मशिनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याचं, प्रकरण सांगायलाच हवं. आमच्याकडे एक शाफ्ट आहे, त्याची दोन्ही टोकं दिसायला जवळपास सारखी. थर्ड शिफ्टला पहाटे चारच्या सुमारास डोळे जड झाले की जॉब, म्हणजे मशिनवर चढवलेला तो शाफ्ट, उलटा लागतो. टूल जातं, जॉब जातो, कधी जॉब पकडणाऱ्या चकलाही मार बसतो. मामांचं म्हणणं, फिक्स्चरवर आठ एमएमची एक पिन बसवा, उलटा जॉब तिथे बसणारच नाही. पिन टूलरूमच्या भंगारात पडलेली आहे. याला कारखान्यात पोका-योके म्हणतात. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत मांडली तेव्हा तिचं नाव बाका-योके होतं, म्हणजे मूर्खाकडूनही चूक होऊ नये अशी सोय. १९६३ मध्ये एका कारखान्यातली कामगार बाई ते नाव ऐकून रडली, मी काय मूर्ख आहे का म्हणाली, आणि शिंगोंनी नाव बदलून टाकलं. एका बाईच्या रडण्यावरून नाव बदललं. आमच्याकडे पिनसाठी काय करावं लागतं ते आता वाचा.

ॲपमध्ये ‘अंदाजे खर्च, लाखांत’ असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शून्य चालत नाही. दशांश चालत नाही. मामांनी माझ्यादेखत शून्य टाकून पाहिलं, पन्नास हजारांचा अर्धा लाख टाकून पाहिला, शेवटी वैतागून १ टाकलं. झालं! भंगारातली पिन एक लाखाचा प्रकल्प झाली. एक लाख म्हणजे प्लँटच्या कमिटीकडे. कमिटी तीन महिन्यांतून एकदा बसते. मामांनी तीन आठवडे वाट पाहिली आणि एका शिफ्टला चहाच्या सुट्टीत पिन बसवून टाकली. जॉब उलटा लागायचा थांबला. ॲपमध्ये ती सूचना आजही ‘विचाराधीन’ आहे.

आता मुख्य दोष. या ॲपमध्ये सूचनेच्या तीनच अवस्था आहेत: मिळाली, विचाराधीन, अंमलात. ‘नाकारली’ नाही. मला आधी वाटलं माझ्याच स्क्रीनवर दिसत नसेल. ॲप बनवणाऱ्या कंपनीकडून ट्रेनिंग द्यायला आलेल्या मुलाला विचारलं, तर बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, आमच्याकडे आहे ते बटण. तुमच्या मॅनेजमेंटने काढायला लावलं. नकारामुळे लोक नाउमेद होतात म्हणे.”

मी २००६ मध्ये डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा आमचा प्लँट भोसरीला होता. टाइम ऑफिसच्या बाहेर पिवळी लाकडी पेटी, तिच्यात सूचनेचं कार्ड टाकायचं. पेटीला कुलूप होतं, किल्ली फोरमनकडे. ते दर बुधवारी पेटी उघडायचे, म्हणजे गुरुवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि ज्याचं कार्ड त्याला मशिनपाशी येऊन उत्तर द्यायचे. माझी पहिली तीन कार्डं त्यांनी परत केली. पहिल्याला म्हणाले, “इथे कूलंट साठेल, आठ दिवसांत गंजेल. डोकं आहे तुला, पण हात अजून काळे झाले नाहीत.” राग आला होता. पण कूलंट, म्हणजे कापताना टूल गार ठेवणारं पाणी, कुठून वाहतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं. चौथं कार्ड लागलं, पंचवीस रुपये आणि स्टीलचा डबा मिळाला. डबा अजून घरात आहे, त्यात पोहे असतात.

पेटी काही आमच्या फोरमनने शोधलेली नव्हती. टोयोटा कंपनीचे एजी टोयोडा १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले, तिथली सूचनांची पद्धत त्यांनी पाहिली आणि १९५१ पासून ती टोयोटात सुरू झाली. तिथून ती जगभर गेली आणि फिरत फिरत भोसरीत पोचली. पेटी फिरली, ॲप फिरलं, त्यात काही अवघड नाही. बुधवारी किल्ली घेऊन येणारा माणूस मात्र डाउनलोड होत नाही.

आता माझं स्वतःचं दुखणं. ऑक्टोबर २०१९. आकुर्डीवाल्या बजाजने इलेक्ट्रिक चेतक त्याच महिन्यात दाखवली होती आणि चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. आम्ही चौघांनी एक सूचना टाकली. इलेक्ट्रिक स्कूटरला क्लच नको, चार-पाच गिअरांचा संचही नको. म्हणजे आमचा निम्मा माल जाणार. पण मोटरचा वेग उतरवून चाकाला द्यायला गिअरची एखादी जोडी बऱ्याच गाड्यांत लागतेच. गंमत अशी की पेट्रोलच्या गाडीत गिअरचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. मोटर गप्प असते, त्यामुळे तिथे गिअर कण्हला तरी चालवणाऱ्याला ऐकू येतं. म्हणजे दात नुसते कापून भागत नाही, ग्राइंडिंग, म्हणजे दात घासून गुळगुळीत करणं, फार बारकाईने लागतं. हे आम्हाला येत होतं. एका गुरुवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही टूलरूमच्या मशिनवर सहा जोड्या करून पाहिल्या. दोन जोड्या अशा फिरल्या की हात लावल्यावरच कळत होतं फिरतायत म्हणून.

टाकली सूचना. तेव्हाचे प्लँट हेड मनापासून म्हणाले, “उत्तम आहे, फक्त बीएस-सिक्स होऊ दे.” गाड्यांच्या धुराचे ते नवे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होणार होते, म्हणणं चूक नव्हतं. मग लॉकडाउन. मग चिप्सचा तुटवडा. मग ते प्लँट हेड गेले. दुसरे आले, त्यांनी फाइल कॉर्पोरेटला पाठवली. फायनान्सने एकच प्रश्न विचारला: ऑर्डर कुणाची आहे? ग्राहकाकडे गेलो तर ते म्हणाले, लाइनवर बनलेला नमुना दाखवा. नमुन्याला ग्राइंडिंगचं मशिन हवं, मशिनला ऑर्डर हवी, ऑर्डरला नमुना हवा. तिसऱ्या प्लँट हेडनी हे चक्र फळ्यावर काढलं, त्याभोवती मार्करने गोल केला आणि म्हणाले, इंटरेस्टिंग. चौघांपैकी दोघे सोडून गेले. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आज सात इलेक्ट्रिक स्कूटर आहेत. मी रात्री चालायला जातो तेव्हा एखादी बाजूने गेली की थांबून गिअरचा आवाज ऐकतो. बायको म्हणते लोक बघतात.

याच काळात बाणेरला कंपनीचं इनोव्हेशन सेंटर झालं. तिथे बसायला रंगीत पिशव्या आहेत, थ्रीडी प्रिंटर आहे, कॉफी खरोखर चांगली आहे. प्लँटच्या माणसाला आत जायचं तर व्हिजिटर पास काढावा लागतो. दरवर्षीच्या टाउन हॉलला एमडी साहेब कोडॅकची स्लाइड दाखवतात. बदलले नाहीत, बुडाले, २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. स्लाइड मी सहा वेळा पाहिली. एक गोष्ट तिच्यावर नसते. पहिला डिजिटल कॅमेरा बाहेरच्या कुणी नाही, कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला होता. साडेतीन किलोच्या वर वजन, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. ओबडधोबड होता, पण होता. घरातच होता. सहाव्या वेळी माझ्या शेजारी बसलेला टूलरूमचा पोरगा हळूच म्हणाला, “सर, आपल्या जोड्या कुठे आहेत हो आता?” माझ्या कपाटात आहेत, ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून.

एक कबुली दिली नाही तर हा रिव्ह्यू खोटा ठरेल. दोन वर्षांपासून माझ्या सेक्शनच्या सूचना आधी माझ्याकडेच येतात. मला दोन बटणं आहेत: ‘पुढे पाठवा’ आणि ‘नंतर पाहू’. आज सकाळी मोजलं, माझ्याकडे ६३ पडल्यात. त्यातल्या वीसेक सरळ चालणार नाहीत अशा आहेत. एका मुलाने कन्व्हेयर जिथून न्यायचा म्हटलंय तिथे खांब आहे. त्याला हे सांगायला मशिनपाशी जाऊन दोन मिनिटं लागतील. मी ‘नंतर पाहू’ दाबलं होतं, मार्चमध्ये.

तर हे ॲप घेणाऱ्या कंपन्यांनो, नकाराचं बटण ठेवायला सांगा, आणि ते दाबल्यावर कारण लिहायचा रकाना द्या, मराठीत लिहिता येईल असा. लाखांचा रकाना काढा. नळवाहिनीचं काय ते बघा.

हे लिहीत असताना मेसेज आला: ‘या तिमाहीत आपण एकही सूचना दिलेली नाही. लक्ष्य: २.’ मी मामांची पिन पुन्हा टाकली, मामांना विचारून, बसवलेल्या पिनच्या फोटोसकट. खर्च १ लाख. नळवाहिनीत गेली, २० गुण मिळाले. बायकोला पाच लिटरचा कुकर हवाय, त्याला अजून १८० कमी आहेत. आधी मात्र त्या खांबवाल्या पोराला गाठतो, सेकंड शिफ्टला असतो तो.