मंडेचा एम कॅपिटल: नियम पाठ करून घ्यायचा की रोज एक ओळ लिहून घ्यायची?

मुलं दुसरीत गेली की इंग्रजीच्या वहीत लाल गोल दिसायला लागतात, मंडे स्मॉल एमने, जून स्मॉल जेने, दिवाळी पण स्मॉलच. माझ्या लेकीचं गेल्या वर्षी अगदी हेच चाललं होतं. मी दोन्ही प्रकार करून बघितले, आधी नियम आणि वर्कशीट, मग रोज तारीख-वार घालून एक ओळ. तुम्ही आत्ता त्याच जागी असाल तर दोन्हीचं काय झालं ते सांगते.

पण आधी एक, मुलांवर चिडू नका. देवनागरीत मोठं अक्षर-लहान अक्षर हा प्रकारच नाही, सोमवारातला सो आणि सोनचाफ्यातला सो एकच, त्यामुळे मराठी लिहायला शिकलेल्या मुलाला ही भानगड पूर्ण नवी असते. आणि हे तर्काने कळण्यासारखंही नाही, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये वार-महिने स्मॉलनेच लिहितात, जर्मनमध्ये उलट प्रत्येक नामालाच कॅपिटल. म्हणजे कुणीतरी सांगावंच लागतं.

नियमाची बाजू इथेच भक्कम आहे. वार, महिने आणि सण कॅपिटल, ऋतू स्मॉल, संपलं, वीस मिनिटांत शिकवून होतं. तिसरी-चौथीतलं मूल, ज्याला इंग्रजी वाक्य सहज वाचता येतं, ते पटकन धरतं. पण माझी दुसरीतली होती. वर्कशीटमध्ये दहापैकी दहा, आणि दुसऱ्या दिवशी होमवर्कमध्ये फ्रायडेचा एफ परत स्मॉल! नंतर लक्षात आलं की वर्कशीटच्या प्रत्येक ओळीत चूक कुठे आहे ते तिला आधीच माहीत असायचं, वाक्य न वाचताच ती वार शोधून दुरुस्त करायची. वर दुसरं दुखणं सुरू झालं, कॅलेंडरचे शब्द कॅपिटल असं डोक्यात बसल्यामुळे टुडे, वीक, समर, व्हेकेशन सगळ्यांना मुकुट. दिवाळी व्हेकेशन लिहिताना डी कॅपिटल आणि व्ही स्मॉल हे नुसत्या नियमाने काही केल्या उतरेना.

मग रोजची ओळ. चार रेघी वही, रात्री जेवणाआधी, आज वार कुठला, तारीख काय, काय केलं, बस एवढंच. चार रेघी वहीचा आग्रह मी मुद्दाम धरते कारण एस, डब्ल्यू आणि ओ ही अक्षरं कॅपिटल काय आणि स्मॉल काय, आकार तोच, फक्त उंची वेगळी. संडे, सॅटरडे, वेन्सडे, सप्टेंबर, ऑक्टोबर, एवढ्या सगळ्यांत हा घोळ आहे. कोऱ्या कागदावर तिने एस मोठा काढलाय की लहान हे मलाच कळायचं नाही, चार रेघीत मात्र पहिल्या रेघेपासून तिसरीपर्यंत गेला तर कॅपिटल, मधल्या दोन रेघांत अडकला तर स्मॉल, तिचं तिलाच दिसतं. भिंतीवरचं छापील कॅलेंडर दाखवून शिकवू नका, बऱ्याच कॅलेंडरवर महिन्याचं अख्खं नावच कॅपिटलमध्ये असतं, पोरं तेच उतरवतात.

साधारण दीड महिन्यात वार पक्के झाले. ह्या पद्धतीची कमी बाजू म्हणजे वेळ. जूनमध्ये सुरू केलं तर डिसेंबर लिहायला डिसेंबरच यावा लागतो, सण तर वर्षातून एकदाच. त्यावर मी घरातल्यांचे वाढदिवस लिहून घेतले, आजीचा मार्चमध्ये, मामाचा ऑगस्टमध्ये, असे बरेच महिने निघाले. मार्च आणि मे ह्या दोन शब्दांवर थोडं जास्त थांबा, सैनिक कूच करतात तो मार्च आणि परवानगी मागतानाचा मे हे स्मॉलनेच असतात, वाक्याच्या सुरुवातीला आले तर गोष्ट वेगळी.

मूल ‘का?’ विचारणारं असेल तर दोन्हीपैकी काहीही निवडा, पण ही नावं आहेत हे आधी सांगा. माझ्या लेकीला सगळ्यात आवडलं ते हे की सॅटरडेमध्ये सॅटर्न आहे आणि आपल्या शनिवारात शनी, म्हणजे तोच ग्रह, मंडेत मून आणि सोमवारात सोम म्हणजे चंद्रच. जुलै ज्युलियस सीझरवरून, ऑगस्ट सम्राट ऑगस्टसवरून. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर मोठं ना, मग ह्यांचंही, हे तिला लगेच पटलं. समर पण नावच आहे ना असं तिने विचारलं तेव्हा मी ओढूनताणून कारण दिलं नाही, इंग्रजीत तशी पद्धत आहे म्हणून सांगितलं.

तर निवड करायची झाली तर पहिली-दुसरीला मी डोळे झाकून रोजची ओळ म्हणेन, वर्कशीट महिन्यातून एकदा फक्त तपासायला. तिसरीच्या पुढे आधी नियम सांगा, पण ओळ सोडू नका. परीक्षा चार दिवसांवर असेल तर नियमच, दुसरा इलाज नाही. आणि ऋतू पहिल्याच दिवशी काढू नका, वार-महिने हाताला बसले की मग विंटर, समर, मान्सून आणा, आणि तेही वारासोबत एकाच वाक्यात, म्हणजे मोठं आणि लहान अक्षर तिला शेजारी-शेजारी लिहावं लागेल.