दहा रुपयांची थाळी आणि तिच्यासमोरची रांग

पुण्यातील एका मजूर अड्ड्यालगतच्या शिवभोजन केंद्रावर मी २०२० पासून अधूनमधून जेवत आलो आहे. पुढे काही तक्रारी आहेत, म्हणून केंद्राचा ठावठिकाणा देत नाही. थाळीत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भाताची मूद असते. २६ जानेवारी २०२० रोजी योजना सुरू झाली तेव्हा शहरातील थाळीचा खर्च पन्नास रुपये धरला होता. त्यांपैकी दहा रुपये जेवणाऱ्याने द्यायचे आणि उरलेले शासनाने. करोनाच्या टाळेबंदीत दहाचे पाच झाले, एप्रिल २०२१ पासून काही महिने थाळी मोफत मिळाली आणि मग दर पुन्हा दहावर आला.

भात गरम आणि मोकळा असतो. वरण पातळ, पण फोडणीत लसूण जाणवतो. भाजी बहुतेक वेळा कोबी नाहीतर बटाटा. पोळ्या मात्र तळहाताएवढ्या आणि कडेला कच्च्या. सकाळपासून सिमेंटच्या गोणी वाहिलेल्या बिगाऱ्याचे त्या दोन पोळ्यांत भागत नाही. पन्नास रुपयांत गॅस, तेल आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंची मजुरी बसवायची असल्याने चालकाला फार बोल लावणे जिवावर येते. खरा राग येतो तो वेळेचा. फलकावर दोनपर्यंत असे लिहिलेले असताना सव्वाला पातेली पालथी पडतात, आणि प्रत्येकाचे नाव विचारून मोबाइलवर फोटो काढण्यात रांग खोळंबते ती वेगळीच.

अड्ड्यावरून मुकादम साडेनऊपर्यंत माणसे उचलतात. ज्यांना काम लागत नाही त्यांतली बरीच बाराला इथे येतात, त्यामुळे ही रांग म्हणजे त्या दिवशीच्या खाड्यांची नोंदच असते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेरोजगारीचा दर सुमारे २१ टक्क्यांवर गेला होता. पुढच्या वर्षी रांगेत इस्त्रीचे शर्ट दिसू लागले. हॉटेलातले वेटर, शाळेच्या बसचे चालक मान खाली घालून उभे असत. आता ते दिसत नाहीत आणि रांगही निम्मी झाली आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातही २०२३-२४ चा देशातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्केच आहे, आणि तो खोटा आहे असे मला वाटत नाही.

तथापि रांगेतले एक गृहस्थ पूर्वी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात होते. पगारातून फंड कापला जाई. कारखाना टाळेबंदीत बंद पडला, आता ते केळ्यांची हातगाडी लावतात आणि पत्नी गाडीवर बसते. सर्वेक्षणाच्या हिशेबात ते स्वयंरोजगारी, तर पत्नी घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस; म्हणजे दोघेही कामाला लागलेले. देशातील कामकऱ्यांत स्वयंरोजगारींचा वाटा २०१७-१८ मध्ये ५२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ५८ झाला. याच काळात स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, २३ वरून जवळपास ४२ टक्क्यांवर गेला. या वाढीतल्या किती जणींच्या हाती स्वतःची मजुरी पडते, हे बेरोजगारीच्या दरातून कळत नाही.

जायचे असल्यास साडेबाराच्या आत जावे आणि सुटे पैसे न्यावेत. फोटोमुळे एकाला एकच थाळी मिळते, म्हणून हे दांपत्य आळीपाळीने येते. गेल्या मंगळवारी बाईंची पाळी येईपर्यंत थाळ्या संपल्या होत्या. त्या परत गेल्या आणि गाडीवरच्या डागी केळ्यांतली दोन सोलून बसल्या.